झिंग्यांच्या पिंजऱ्यात आमिष कुठलं? खोबरं, पेंड की आतडी?

मलप्रभाकाठ
पाऊस ओसरला, मलप्रभेचा गढूळपणा खाली बसतोय. खानापूरच्या खालच्या अंगाला बंधाऱ्यामागं पाणी तुंबतं, तिथं बांबूचे सहा पिंजरे टाकायचे आहेत. पिंजरा दोन फूट लांब, दहा इंच व्यासाचा, एका तोंडाचा. संध्याकाळी टाकायचा, पहाटे काढायचा. आमिष काय घालावं यावर मात्र जितकी तोंडं तितकी मतं. कोण म्हणतंय भाजकं खोबरं, कोण म्हणतंय कोंबडीची आतडी, कोण म्हणतंय शेंगपेंड. 'काहीही घाला, येतात' हे उत्तर नको. काय, किती, कशात बांधून आणि किती वेळ, एवढं सांगा.

डोहवाला
आधी एक ठरवा, कुठला झिंगा पाहिजे? कृष्णेच्या खोऱ्यातला वीतभर मोठा झिंगा म्हणजे मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. त्याची मादी नदीत अंडी वागवते, खरं पिल्लं वाढायला मचूळ पाणी लागतं. म्हणून ती प्रवाहाबरोबर खाली जातात आणि थोडी मोठी झाली की उलटी वर चढतात. आता मलप्रभा कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि वाटेत सौंदत्ती तालुक्यात नविलुतीर्थचं धरण आहे. त्याच्या वर खानापुरापर्यंत हा मोठा झिंगा आपल्या पायानं चढून येईल ही आशा सोडा. कुणी बीज सोडलं असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या पिंजऱ्यात येणार तो बोटभर लांबीचा, पारदर्शक अंगाचा लहान झिंगा. त्याची अख्खी पिढी गोड्या पाण्यातच वाढते. मोठ्याला मांसाचा तुकडा ओढून न्यायची ताकद असते, लहान झिंगा कुरतडून खातो. त्याला भुसभुशीत, हळूहळू सुटणारा चारा लागतो. आतडी आणि पेंड यांतला अर्धा वाद इथंच मिटतो.

टवाळ_कट्टा
बेळगावचा कुंदा ठेवा की. झिंगे सोडा, धाग्यावरची निम्मी मंडळी पिंजऱ्यात सापडतील.

पेंडवाला_हुक्केरी
कुंद्यातली साखर पाण्यात पाच-दहा मिनिटांत विरघळून जाते, मागं उरतो तो खव्याचा चोथा. थट्टा म्हणून ठीक आहे, खरं त्यातच सगळं आलं. आमिष एकदम विरघळलं तरी वाया आणि मुळीच विरघळलं नाही तरी वाया.

म्हणून माझं मत सरकी पेंडीला. दाबून काढलेली, पाटीसारखी घट्ट पेंड घ्या, भुगा नको. आगपेटीएवढे तुकडे फोडायचे, एका पिंजऱ्याला ८० ते १०० ग्रॅम. पाण्यात ती कडेनं फुगत जाते आणि रात्रभर थोडी थोडी सुटते. अमेरिकेत मिसिसिपी नदीतल्या झिंग्यांच्या पेट्यांतही सरकीच्याच पेंडीचं आमिष घालायची जुनी रीत आहे, म्हणजे आपल्या गोठ्यातली वस्तू तिकडंही चालते. शेंगपेंडीला वास जास्त, खरं ती लवकर मोडते. वाहत्या पाण्यात तीन-चार तासांत पुरचुंडी रिकामी. साठलेल्या पाण्यात मात्र शेंगपेंड बरी.

दोन गोष्टी टाळा. बुरशी आलेली पेंड स्वस्त मिळाली म्हणून उचलू नका. आणि जनावरांची गोळी पेंड घेऊ नका. तिच्यात मीठ, मळी आणि काही वेळा युरियाही असतो. गोळी तासाभरात चिखल होते आणि जाळीची भोकं बुजतात.

आतडी_पक्ष
पेंडीवर म्हशी पोसा. झिंगा मुळात मेलेलं-कुजलेलं खाणारा प्राणी आहे. चिकनच्या दुकानात आतडी फुकट मिळतात. मूठभर घातली की काम झालं.

डोहवाला
@आतडी_पक्ष, 'कुजलेलं खाणारा' हा गैरसमज मोठा आहे. झिंगा पडेल ते खातो, पण त्याला ओढतं ते ताजं मांस. मांस कापलं की त्यातून अमिनो आम्लं पाण्यात उतरतात. ग्लायसीन, टॉरिन आणि तसलंच बीटेन. झिंग्याच्या डोक्यावरच्या लहान मिशांवर बारीक केस असतात, त्यांना हा वास लांबून कळतो. जवळ आला की पुढच्या चिमट्याच्या पायांनी तो चाचपून चव बघतो. मांस कुजलं की हीच द्रव्यं मोडून अमोनिया सुटतो, त्यानं खेकडे येतील, झिंगे बिचकतील.

आतड्यांचा दुसरा त्रास असा की कोमट पाण्यात आठ-दहा तासांत आत वायू धरतो. आतडी फुगून पिंजऱ्याच्या छताला चिकटतात, झिंगा तर तळावर फिरतो. घालायचीच असतील तर चिरून आतली घाण धुवायची, दोन इंचांचे तुकडे करायचे, ५० ग्रॅम पुरे, आणि पहाटेच्या आत पिंजरा काढायचा. मूठभर घातली की त्या डोहातल्या सगळ्या खेकड्यांना आवतण. मोठा खेकडा आत शिरला की झिंग्यांचे नुसते पाय आणि मिशा हाती लागतात, बांबूच्या काड्या कुरतडलेल्या असतात त्या वेगळ्याच.

आतडी_पक्ष
बरं, खेकड्यांचं मान्य. खरं खेकड्याचा रस्सा कुणाला नको आहे?

खोबरंवाटी
भाजक्या खोबऱ्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर धरायची, आतून बदामी रंग आला आणि कडेला तेल सुटायला लागलं की काढायची. काळं पडलं तर फेकून द्या. करपलेल्याला कडवट वास येतो आणि तुकडा कोळशासारखा कडक होतो, त्याला कोण कुरतडणार? एका पिंजऱ्याला अर्धी वाटी, तीन-चार तुकडे करून, तुकड्याला भोक पाडून सुतळीत ओवलेले. फायदा असा की खोबरं कुजत नाही. वाळवून, कापलेली बाजू नव्यानं खरवडून तोच तुकडा दुसऱ्या रात्रीही चालतो. खेकडे येतात, पण आतड्यांइतके नाहीत. ओल्या नारळाचे तुकडे घालू नका, ते आंबतात.

निपाणीकर_गळ
वैनी, खोबऱ्याचं तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. झिंगा तळाशी. मग वास जातो कसा?

खोबरंवाटी
तेलाला श्रेय दिलंच नाही मी. खोबऱ्यात साखर आणि थोडी प्रथिनं असतात, ती विरघळतात. भाजल्यानं तुकडा भुसभुशीत होतो, पाणी आत शिरतं. तरंगणारा तवंग बघून माणसाला वाटतं आमिष काम करतंय, एवढाच तेलाचा उपयोग.

निपाणीकर_गळ
हे पटलं. मग त्याच हिशोबानं तारली आणि बांगड्याचं डोकंही तेलामुळं नाही, रक्त आणि कल्ल्यांमुळं चालतं. बेळगावला गोव्याकडून आणि मालवणकडून मासळी येते, साफ करणाऱ्यांकडं डोकी पडून असतात. बांगड्याचं एक डोकं एका पिंजऱ्याला पुरतं. कल्ल्याचं झाकण उघडून आत सुरीनं दोन चिरा द्यायच्या, नाहीतर वास आतच कोंडतो. खारवलेली सुकी मासळी असेल तर तासभर पाण्यात भिजवून, पिळून घ्या. वरचं मीठ पहिल्यांदा सुटतं आणि त्याला कोण येत नाही. दुधगंगा-वेदगंगेच्या बंधाऱ्यांमागं चिलापी पोत्यानं आहे, तीही चालते. पण अख्खी घालू नका, आडव्या तीन चिरा.

कणकुंबीचा_ओढा
इतकं सगळं आमिषावर, तोंड कुठल्या दिशेला हे कुणी विचारलंच नाही. वास प्रवाहाबरोबर खाली वाहतो. झिंगा खाली असतो, वासाचा माग काढत वर येतो. म्हणून पिंजऱ्याचं तोंड प्रवाहाच्या खालच्या अंगाला पाहिजे आणि आमिष आतल्या टोकाला, शेपटीकडं. उलटं ठेवलं तर झिंगा शेपटीकडच्या काड्यांना येऊन भिडतो, बाहेरूनच आमिष चाचपतो, कंटाळून जातो. तोंड त्याला सापडतच नाही.

मलप्रभाकाठ, तुमच्या बंधाऱ्यामागं प्रवाह जवळपास नाही. तिथं वास पिंजऱ्याभोवती गोल पसरतो आणि लांब जात नाही. एका पिंजऱ्यापासून दुसरा १५-२० फुटांवर ठेवा, नाहीतर सहा आमिषं एकाच झिंग्याला बोलावत बसतील. खोली दोन ते चार फूट, काठाची मुळं, बुडालेली झुडपं, दगडांच्या कपारी यांना लागून. उघड्या वाळूत ठेवू नका. पिंजरा तळाला नीट टेकला पाहिजे. नवा बांबू तरंगतो, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग आत दीड-दोन किलोचे दगड.

थंडीचंही बघा. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, उथळ पाणी लवकर गारठतं. गार पाण्यात झिंग्याची भूक मंदावते, कुठलंही आमिष घाला. त्या दिवसांत खोलगट जागा धरा. चांदण्या रात्रीही हात आखडता येतो, कारण झिंगा अंधारात बाहेर पडतो. अमावास्येच्या आसपासच्या रात्री बऱ्या.

खोबरंवाटी
कणकुंबी म्हटलं की आठवलं. त्या डोंगराच्या एका अंगाचं पाणी मलप्रभेतून पूर्वेला आणि दुसऱ्या अंगाचं म्हादईतून गोव्याला. गोव्याकडच्या खाडीत मोठा सुंगट, म्हणजे तिकडचा झिंगा, पिल्लं वाढवतो, म्हणून तिकडच्या नदीचं आमिष आणि पिंजरा इकडं जसाच्या तसा उतरवू नका. आणि म्हादईचा वरचा भाग भीमगड अभयारण्यात येतो, तिथं पिंजरा टाकायचाच नाही.

नवा_गडी_चिकोडी
बाटलीचा पिंजरा चालतो का? दोन लिटरची पाण्याची बाटली, वरचा भाग कापून उलटा आत बसवायचा.

डोहवाला
लहान झिंग्याला चालतो. कापलेला नरसाळ्यासारखा भाग आत घालून चार ठिकाणी तारेनं शिवायचा, बूच काढून टाकायचं. बाटलीचं तोंड जेमतेम दोन सेंटिमीटरचं असतं, ते थोडं वाढवा. तापवलेल्या खिळ्यानं अंगभर ४-५ मिलिमीटरची भोकं, कमीत कमी पन्नास-साठ. भोकं कमी पडली की आतलं पाणी कोंडतं, वासही बाहेर जात नाही आणि आत आलेले झिंगे गुदमरतात. बाटलीत पेंड २० ग्रॅमच. जास्त घातली तर तीच कुजून पाणी बिघडवते. ऊन चढायच्या आत बाटली काढायची.

आणि हरवलेली बाटली पाण्यात वर्षानुवर्षं मारत राहते. म्हणून मागं एक मोठी खिडकी कापा आणि ती सुती दोऱ्यानंच बांधा. दोरा काही आठवड्यांत कुजतो, खिडकी उघडते. नायलॉन वापरलंत तर हा सगळा खटाटोप फुकट. बांबूच्या पिंजऱ्याच्या झाकणालाही हाच नियम.

आतडी_पक्ष
बाजारातल्या समुद्री कोळंबीची टरफलं आणि डोकी टाकली तर? जातभाईचा वास.

डोहवाला
नको. हे एक आमिष अजिबात नको. कोळंबीच्या शेतीला झोपवणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग कच्च्या कोळंबीतून पसरतो आणि फ्रीजमध्ये गोठवून तो मरत नाही. गोड्या पाण्यातले झिंगे आणि खेकडे स्वतः ठणठणीत दिसतील आणि रोग मात्र वाहतील. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये क्वीन्सलँडच्या लोगन नदीकाठच्या कोळंबी शेतांत हा रोग शिरला, तेव्हा गळाला लावलेल्या आयात कोळंबीवरही संशय गेला होता. खाली कुणाच्या शेततळ्यात झिंगे असतील तर त्यांच्या पोटावर पाय कशाला?

पेंडवाला_हुक्केरी
पोटावर पाय म्हणताय तर मळीचंही बोला. उन्हाळ्यात नदी आटलेली असताना साखर कारखान्यांचं पाणी सुटलं की ऑक्सिजन संपतो आणि झिंगे पहाटे आपण होऊन काठावर येतात. हातानं वेचता येतात म्हणून लोक खूष होतात. असले झिंगे आमिषाला येत नाहीत, ते श्वास घ्यायला आलेले असतात. अशा वेळी पिंजरा टाकू नका, खाऊही नका.

निपाणीकर_गळ
आणि डोहात कीटकनाशक ओतणारे महाभाग? 'एका बाटलीत पाटीभर' म्हणून सांगतात. पाण्यात विष किंवा सुरुंग घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. तलाव-जलाशयांची मासेमारी ठेक्यानं दिलेली असते, तिथं विचारल्याशिवाय दोरी बांधू नका.

टवाळ_कट्टा
कायदा झाला, रोगराई झाली, आता तिखलं कधी?

खोबरंवाटी
झिंगे आले की. लहान झिंग्याचं तिखलं नको, सुकं करा. मिशा आणि टोकदार चोच खुडून, हळद-मीठ लावून, लसूण-तिरफळ... जाऊ दे, धागा आमिषाचा आहे.

तर आमिष बांधायचं कशात, हे राहिलंय. सुटं घातलं तर पहिले दहा झिंगे ते संपवतात, पोट भरलं की वाट शोधून बाहेर पडतात आणि रात्रभर पिंजरा रिकामा. आमिषाचा वास मिळाला पाहिजे, घास मिळता कामा नये. औषधाच्या प्लॅस्टिक डबीला ३ मिलिमीटरची पंधरा-वीस भोकं पाडा. नाहीतर मच्छरदाणीच्या कापडाची पुरचुंडी. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या काठी असाच विणलेला पिंजरा वापरतात, आत बाबासू नावाच्या ताडाच्या बियांची भरड पानात गुंडाळून ठेवतात. आपल्याकडं पळसाचं किंवा केळीचं पान आहेच. गुंडाळी दोऱ्यानं बांधायची आणि दाभणानं आठ-दहा भोकं पाडायची.

पेंडवाला_हुक्केरी
पानातल्या गुंडाळीसाठी मिश्रण देतो, सहा पिंजऱ्यांपुरतं. शेंगपेंडीचा भुगा २०० ग्रॅम, भाताचा कोंडा १५० ग्रॅम, सुक्या तारलीची पूड ५० ग्रॅम, जोंधळ्याचं पीठ १०० ग्रॅम. कोमट पाण्यात घट्ट मळायचं, लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे वळायचे, वाफेवर पंधरा-वीस मिनिटं. वाफेनं जोंधळ्याचं पीठ चिकट होतं आणि गोळा बांधून धरतं. न वाफवलेला गोळा अर्ध्या तासात विस्कटतो. गूळ घालू नका, सुरुवातीला सांगितलेल्या कुंद्याचीच गत होईल.

कणकुंबीचा_ओढा
मिश्रण ठीक. पण 'कुठलं सरस' हे बोलून ठरणार नाही, मोजा. सहा पिंजरे आहेत ना? दोनांत पेंडीचे गोळे, दोनांत खोबरं, एकात बांगड्याचं डोकं आणि एक पूर्ण रिकामा. रिकामा असलाच पाहिजे. झिंगा नुसत्या आडोशालाही शिरतो. झुडपांच्या फांद्यांचा भारा पाण्यात सोडून सकाळी झटकला तरी झिंगे पडतात, तिथं आमिष कुठलं? रिकाम्या पिंजऱ्यात आठ आणि खोबऱ्याच्या पिंजऱ्यात दहा आले तर खोबऱ्याचा हिशोब दोनाचाच. दुसऱ्या रात्री जागा तशाच ठेवून आमिषं फिरवा. सहा रात्रींत प्रत्येक आमिष प्रत्येक जागी जाऊन येतं. नाहीतर जागेचा गुण आमिषाला चिकटतो. वजन नको, नग मोजा. पोटाखाली अंडी असलेल्या माद्या मोजून लगेच पाण्यात सोडा.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं वाचून सहाही पिंजरे टाकले, तोंड खालच्या अंगाला, एक रिकामा. पेंडीच्या दोन्ही गुंडाळ्या सकाळी बाहेरून कुरतडलेल्या, खोबऱ्याच्या कडाही खाल्लेल्या. झिंगे मात्र सगळे मिळून चार, तेही त्यातल्या त्यात मोठे. खेकडा एकही नाही. पाणीही गार नव्हतं.

डोहवाला
आमिष खाल्लंय आणि झिंगे नाहीत. काड्यांमधली फट किती आहे?

मलप्रभाकाठ
करंगळी जाते.

डोहवाला
मग आमिषाचं भांडण पुढच्या आठवड्यात. करंगळी म्हणजे १०-१२ मिलिमीटर. बोटभर झिंगा त्यातून जेवायला आत येतो आणि ढेकर देऊन बाहेर जातो. बुरुडानं हे पिंजरे माशांसाठी विणलेत. आतून ५ मिलिमीटरची प्लॅस्टिक जाळी फिरवून तारेनं टाचा. मच्छरदाणीचं कापड लावू नका, ते शेवाळानं बुजतं, पाणी खेळत नाही आणि नखाएवढी पिल्लंही अडकतात. आतल्या नरसाळ्याचं तोंड किती आहे?

मलप्रभाकाठ
लिंबू जाईल एवढं. साडेचार-पाच सेंटिमीटर.

डोहवाला
तीनवर आणा. नरसाळ्याच्या आतल्या काड्यांची टोकं तारेनं आवळा, आणि ती टोकं तळापासून निदान तीन बोटं वर राहू देत. बाहेर पडताना झिंगा तळ धरून कडेकडेनं फिरतो, अधांतरी भोक त्याला सहसा सापडत नाही.

टवाळ_कट्टा
म्हणजे काल सहा पिंजरे नव्हते, सहा खानावळी होत्या.

मलप्रभाकाठ
जाळी आणायला निघालोय. पेंडीचे चार गोळे उरलेत, ते उद्या चालतील का?

पेंडवाला_हुक्केरी
फ्रीजमध्ये असतील तर चालतील. बाहेर राहिले असतील आणि फोडल्यावर तार सुटत असेल तर म्हशीलाही घालू नका.